मराठवाड्यातून समुद्राकडे: किनाऱ्यावरच्या केंद्रात एक हंगाम अभ्यास करायचा तर

परभणी, लातूर, नांदेड, बीडकडची मुलं-मुली प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी कोकणातल्या एखाद्या सागरी केंद्रावर तीन-साडेतीन महिने राहतात. फेब्रुवारीअखेर परत येतात तेव्हा वही भरलेली असते, पण त्यातले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मेहनतीत कसर नसते. कामाचा क्रम चुकलेला असतो, आणि दरवर्षी तोच चुकतो. आपल्या आठही जिल्ह्यांना किनारा नाही, त्यामुळे कोकणातल्या पोराला लहानपणीच कळलेल्या गोष्टी आपल्याला तिथं पोचल्यावर कळतात. तोपर्यंत अर्धा हंगाम गेलेला असतो. मी परभणी जिल्ह्यातला आहे आणि याच वाटेनं गेलो आहे. निघण्याआधी मला कुणी सांगायला हवं होतं, ते इथं लिहितो आहे. उदाहरण खडकाळ किनाऱ्यावरच्या मोजणीचं घेतलं आहे, कारण बहुतेकांचे प्रकल्प तसेच असतात.

आधी एक हिशेब करा. १५ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर म्हणजे सुमारे १०५ दिवस. पाणी खूप खाली जातं ते उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत, आणि उधाण पंधरवड्यातून एकदा येतं. म्हणजे खेपा सात. प्रत्येक खेपेत कामाच्या सकाळी चार-पाच, आणि प्रत्येक सकाळी खडकाचा खालचा पट्टा उघडा राहतो दोन-अडीच तास. साडेतीन महिन्यांतून हाती येतात साठ-सत्तर तास. इथून पुढं दिवस मोजू नका, ओहोट्या मोजा. खालची प्रत्येक पायरी याच हिशेबावर उभी आहे.

१. कागदपत्रं: निघण्याआधी दोन-तीन महिने

केंद्राला पत्र आधी, तिकीट नंतर. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि किनाऱ्यावरच्या काही महाविद्यालयांतही सोय होऊ शकते. कुठंही जायचं असलं तरी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लागतं. त्यात विषय, कालावधी, लागणारी जागा आणि उपकरणं स्पष्ट लिहा. ‘सागरी जिवांचा अभ्यास’ एवढ्यावर कुणी टेबल देत नाही.

दुसरा कागद परवानगीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या, समुद्री कासवं आणि काही शंखांनाही संरक्षण दिलेलं आहे. यातलं काही उचलणं, बाटलीत घालणं, अगदी मेलेलं सापडलं तरी घरी आणणं, हा गुन्हा होऊ शकतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आहे. तिथं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नमुना गोळा करायचा नाही. कांदळवनात काम असेल तरी वनखात्याशीच बोलावं लागतं.

तपासा: पत्राच्या चार प्रती, ओळखपत्र, पालकांचं संमतीपत्र आणि मार्गदर्शकांचा फोन नंबर एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवले आहेत का? पोचल्यावर गावातल्या सागरी पोलिसांना आणि ग्रामपंचायतीला एक प्रत द्या. पहाटे पाच वाजता बॅटरी घेऊन खडकांवर फिरणाऱ्या अनोळखी माणसाला हटकतातच, आणि ते बरोबरच आहे.

२. एकच प्रश्न घ्या

‘अमुक किनाऱ्यावरील जैवविविधता’ हा विषय घेऊन गेलेला विद्यार्थी सगळं थोडं थोडं मोजतो आणि काहीच पुरं करत नाही. सत्तर तासांत मावेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ: टोपीसारख्या कवचाची लिंपेट खडकाच्या वरच्या पट्ट्यात जास्त की मधल्या? कालवांचा, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचा, थर दाट आहे तिथं लहान गोगलगाई जास्त सापडतात का? एका वाक्यात विचारता येतो, हो-नाही किंवा जास्त-कमी असं उत्तर देता येतं, तो प्रश्न चांगला. मार्गदर्शकांकडून तो नोव्हेंबरच्या आधी पक्का करून घ्या. तिथं गेल्यावर समुद्र इतकं काही दाखवतो की मन हलतं, आणि मग दर आठवड्याला विषय बदलतो.

३. साहित्य घरी बनवा, सराव रानात करा

खडकावर ठेवून आतले जीव मोजायची चौकट, म्हणजे क्वाड्रॅट, विकत घेऊ नका. वायरिंगचा अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घ्या. आतली मोकळी जागा बरोबर ५० बाय ५० सेंटिमीटर भरली पाहिजे. पाइपला जागोजागी भोकं पाडा, नाहीतर डबक्यात ती तरंगते. दर १० सेंटिमीटरवर आडवी-उभी नायलॉनची दोरी ताणली की २५ खाने होतात आणि प्रत्येक खाना ४ टक्क्यांचा. हे ४ टक्के पुढं फार उपयोगी पडतात.

सोबत घ्यायचं बाकी सामान: ३० मीटरचा टेप, गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी १० मीटर, सेंटिमीटरच्या खुणा केलेली दीड मीटरची काठी, एचबी पेन्सिली डझनभर, जाड पांढरा कागद, भिंग, साधं थर्मामीटर, झाकणाच्या प्लास्टिक बरण्या, कपाळावर बांधायची बॅटरी. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर केंद्रावर असतो का, ते आधी विचारून घ्या.

बूट रबरी तळाचे, घोटा झाकणारे. चप्पल नको, अनवाणी तर मुळीच नको. कालवाची कड पात्यासारखी कापते.

आता सराव. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढून झालेलं असतं. त्या रानात टेप आंथरा, चौकट ठेवा आणि एका चौकटीतली बुडखं मोजा. तण वेगळं मोजा, गोगलगाय दिसली तर वेगळी. घड्याळ लावा. पहिली चौकट पंधरा मिनिटं खाते. पन्नास चौकटी झाल्या की पाच मिनिटांवर येते. हाताला ही सवय घरी लागली पाहिजे, कारण किनाऱ्यावर ती लावून घेण्यात एक अख्खी उधाणाची खेप जाते. जोडीदार असेल तर एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. वाऱ्यात ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात.

४. अंगाची तयारी आणि प्रवास

विहिरीत पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही. विहिरीचं पाणी उभं असतं, समुद्राचं पाणी ओढून नेतं. पाठीला डबा बांधून का होईना, पोहायला शिकून जा. पण कामाच्या वेळी गुडघ्याच्या वर पाणी आलं की मागं फिरायचं, हा नियम पोहणाऱ्यालाही लागू आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच निघा.

लातूर-नांदेडकडून सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट असं रत्नागिरीला उतरता येतं. संभाजीनगर-जालन्याकडून रेल्वेनं कल्याण किंवा मुंबई गाठून पुढं पनवेलहून कोकण रेल्वे सोयीची.

सावधान: नमुने टिकवायला लागणारं स्पिरिट (म्हणजे इथेनॉल) आणि फॉर्मालिन एसटीत किंवा रेल्वेत नेऊ नका. स्पिरिट पेट घेतं, फॉर्मालिनच्या वाफेनं डब्यातल्या सगळ्यांचे डोळे जळतात. शिवाय इथेनॉलवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे. दोन्ही केंद्रामार्फतच मिळवा, आणि तसं पहिल्याच पत्रात लिहा.

५. पहिला आठवडा: बाटली उघडू नका

पोचल्या दिवशीच बादली घेऊन धावणं ही सगळ्यात पहिली चूक. पहिला आठवडा नुसतं बघायचं. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा, रोज त्याच जागी उभं राहायचं आणि मोबाइलवर त्याच कोनातून फोटो काढायचा. पाणी कुठून आत शिरतं, परतीची वाट कुठली खाच आधी बुडवते, लोक कुठून ये-जा करतात, हे कागदावर हातानं काढा. रत्नागिरीकडचा जांभ्याचा खडक खडबडीत आणि खड्ड्या-खड्ड्यांचा असतो, त्यात पाय अडकतो. हिरवं शेवाळ साचलेली जागा साबणासारखी घसरते. दोन्ही जागा नकाशावर लाल करा.

या आठवड्यात गावातली माणसं ओळखीची होतात. ओहोटीला कालवं काढायला येणाऱ्या मावशी, जाळं विणत बसलेले तात्या, यांना तुम्ही काय करताय ते सांगा आणि त्यांच्या रोजच्या जागा सोडून आपली जागा धरा. त्यांच्या पोटापाण्याच्या खडकावर तुम्ही चौकट ठेवली तर त्यांचं नुकसान, आणि महिनाभरानं तुमची मोजणीही खोटी, कारण तिथली कालवं काढून नेलेली असतात.

६. भरती-ओहोटीचं गणित

इथंच सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोकण किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. दुसऱ्या दिवशी तीच वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढ-उतार दोन्ही थोडे. भांगाच्या दिवसांत खालचा पट्टा उघडाच पडत नाही.

किनाऱ्यावरचे लोक वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. द्वितीयेला दीड वाजता, म्हणजे ओहोटी पावणेआठच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. आता पौर्णिमेला लावून बघा. भरती सव्वाअकराला, म्हणून ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, अंधारात. पण पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया घेतली तर ओहोटी पावणेआठ ते साडेआठ, स्वच्छ उजेडात, आणि उधाणाचा जोर अजून टिकलेला. प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंतच्या सकाळी तुमच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सातही खेपांचे हे दिवस आधीच गोल करून ठेवा. घरचं लग्न, जत्रा, परीक्षेचा फॉर्म, सगळं या गोलांच्या बाहेर.

हा तोंडी हिशेब अंदाजासाठी. प्रत्यक्ष वेळ आणि उंची छापील तक्त्यातून घ्यायची. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, आणि हैदराबादची इन्कॉइस संस्था अंदाज व लाटांचे इशारे देते. तक्ता बघताना तीन चुका होतात.

पहिली, बंदर चुकीचं. मुंबईचा तक्ता घेऊन रत्नागिरीत काम करतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, म्हणून रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. चढ-उतारही दक्षिणेकडे कमी होत जातो. मुंबईचा आकडा तिथं लावला तर वेळही चुकते, उंचीही.

दुसरी, घड्याळ चुकीचं. काही ॲप जागतिक वेळ दाखवतात आणि आपण साडेपाच तास पुढं असतो. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून ॲप आणि पाणी जुळवून घ्या.

तिसरी, नुसती वेळ बघतात, उंची बघत नाहीत. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. ०.३ मीटरची ओहोटी आणि ०.९ मीटरची ओहोटी यांत तुमचा खालचा अख्खा पट्टा असतो.

पाणी एकाच वेगानं चढत नाही, हेही ध्यानात घ्या. चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्या तासाला दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. फरक २.४ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २० सेंटिमीटर चढतं आणि तिसऱ्या तासात ६०. पहिल्या तासात काही वाटत नाही, म्हणून माणूस रेंगाळतो आणि मागची खाच भरून जाते.

माझ्या पहिल्या हंगामात एक मावशी रोज माझ्याजवळच कालवं फोडायच्या. उकिडव्या बसलेल्या, हातात छोटी कोयती, शेजारी तळाशी थोडं पाणी घातलेला पत्र्याचा डबा. कवचाच्या सांध्यावर एक टोला, पात्याचं टोक आत, मनगटाला एक झटका, आणि करडं मांस डब्यात. वर न बघता त्या एकदा म्हणाल्या, “ऊठ रे बाबा, पाणी फिरला.” घड्याळात अजून दहा मिनिटं होती. त्यांनी कोयतीनं खाच दाखवली. तिथल्या शेवाळाच्या पात्या इतका वेळ समुद्राकडे निजलेल्या होत्या, त्या आता सरळ उभ्या राहून किनाऱ्याकडे कलत होत्या. तेव्हापासून मी कामाला बसण्याआधी डोळ्यासमोर येईल असं एक शेवाळ हेरून ठेवतो.

७. उंची मोजा, मगच चौकट ठेवा

‘वरचा, मधला, खालचा पट्टा’ असं नजरेनं ठरवलं तर दोन विद्यार्थ्यांचे पट्टे कधीच जुळत नाहीत. इथं गवंड्याची नळी कामाला येते. शांत समुद्राच्या दिवशी, तक्त्यातल्या ओहोटीच्या नेमक्या वेळी, पाणी जिथं टेकलंय तिथं खूण करा. ती उंची तक्त्यातल्या आकड्याइतकी धरायची. मग एकानं नळीचं टोक खालच्या खुणेवर काठीला लावून धरायचं, दुसऱ्यानं वर जायचं. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीत येतं, आणि काठीवरच्या खुणांतून दोन जागांमधला फरक निघतो. अशा टप्प्यांनी पाच पातळ्या ठरवा आणि खडकावर जलरोधक रंगाचा बोटाएवढा ठिपका द्या. खिळे ठोकू नका.

तपासा: नळीत बुडबुडा आहे का? एक बुडबुडा सगळी उंची बिघडवतो. नळी आडवी ठेवून, टिचक्या मारून तो काढा.

८. प्रत्यक्ष सकाळ

क्रम असा ठेवा.

आदल्या रात्री पाचही पातळ्यांसाठी चौकटीच्या जागा चिठ्ठ्या काढून ठरवा आणि कार्डावर लिहा: पातळी १, टेपवर ३ मीटर, ८ मीटर, ११ मीटर असं. डोळे मिटून चौकट मागं फेकायची पद्धत अजून कुठं कुठं शिकवतात. ती सोडा. फेकणारा हात सपाट जागेकडेच वळतो, आणि चौकट आपटून मोडते ती वेगळीच.

ओहोटीच्या दोन तास आधी वरच्या पातळीवर हजर व्हा. पाणी उतरतं तसं तुम्ही उतरायचं. ठरलेल्या वेळी सगळ्यात खाली पोचायचं. बहुतेक जण नेमके ओहोटीच्या मिनिटाला येतात, खाली पोचेपर्यंत पाणी फिरलेलं असतं, आणि खालच्या पट्ट्याच्या पाचपैकी दोनच चौकटी होतात. पाच पातळ्या, दर पातळीला पाच चौकटी, दर चौकटीला पाच मिनिटं, म्हणजे १२५ मिनिटं. रानातला सराव इथं कामी येतो.

प्रत्येक चौकटीत आधी वरून फोटो, त्यात पातळी आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. मग हलणारे प्राणी, म्हणजे खेकडे आणि गोगलगाई, कारण सावली पडली की ते पळतात किंवा आकसतात. मग चिकटून बसलेले. शेवाळ उचलून खालचं सगळ्यात शेवटी. दगड उलटला असेल तर तो होता तसाच परत ठेवा. उलट्या दगडाखालचे जीव उन्हात तासाभरात मरतात, आणि पुढच्या खेपेला तुमची मोजणी तुमच्याच हातानं घडलेलं नुकसान मोजते.

डबक्यांचं तापमान आणि क्षारता घ्यायची तर रोज त्याच डबक्याची आणि ओहोटीपासून तितक्याच वेळानं. उन्हात डबकं तापतं, पाणी उडतं आणि खारटपणा वाढतो. सात वाजताचा एक आकडा आणि दहाचा दुसरा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरनं शून्यावर आणा. खुल्या समुद्राचा आकडा ३५ च्या आसपास यायला हवा. खाडीच्या तोंडाशी तो कमी येतो.

ओहोटीनंतर अर्ध्या तासात खालचा पट्टा सोडा, काम उरलं तरी.

सावधान: शंकूच्या आकाराचा, नक्षीदार जिवंत शंख हातात धरू नका, त्याचा दंश विषारी असतो. बिळात, कपारीत हात घालू नका. जाळ्यातून टाकलेला समुद्रसाप मेल्यासारखा दिसला तरी शिवू नका. चावला तर तो अवयव न हलवता थेट दवाखाना, चिरा-बिरा काही नाही. उथळ वाळूत पाय घासत चाला, म्हणजे पाकट, हा शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सरकते. तिचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. एकट्यानं कधीही उतरायचं नाही.

९. मोजताना काय चुकतं

मेलेली कवचं जिवंत म्हणून मोजली जातात. कालवाची नुसती खालची शिंपी खडकाला चिकटलेली असते, बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा छोटा कवचधारी प्राणी, त्याचं रिकामं कवच तर वर्षभर टिकतं. बार्नेकलच्या तोंडाशी दोन झाकणं दिसली तरच जिवंत धरायचं. शंख उचलून तोंड बघा. आत खेकड्याची नांगी दिसली तर तो गोगलगाईचा शंख असला तरी मोजणी खेकड्याची.

बार्नेकल दाट असतील तर सगळे मोजत बसू नका. १० बाय १० चा एक खाना मोजा आणि २५ नं गुणा. पण तो खानाही चिठ्ठीनंच निवडा. भरलेला खाना आपोआप डोळ्यात भरतो, आणि २५ नं गुणल्यावर ती चूकही २५ पट होते.

वसाहत करून राहणारे जीव आणि शेवाळ नगानं मोजत नाहीत, टक्क्यांत मोजतात. चटईसारखे पसरलेले झोअँथिड ‘१’ लिहायचे की ‘३००’, यावर मी मुलांना तास तास भांडताना पाहिलं आहे. चौकटीत त्यांनी सहा खाने व्यापले तर लिहा २४ टक्के. संपला प्रश्न.

रिकामी चौकट आली तर शून्य लिहा. ‘इथं काहीच नव्हतं’ म्हणून चौकट सरकवणं ही सरळ सरळ आकड्यांची फसवणूक आहे, करणाऱ्याला तसं वाटत नसलं तरी.

आणि नावं. परदेशी पुस्तकातलं चित्र जुळलं म्हणून युरोपातल्या गोगलगाईचं नाव कोकणातल्या गोगलगाईला देऊन मोकळे होतात. नाव नक्की नसेल तर ‘नेरिटा, प्रकार १’ असं लिहा, फोटो जोडा आणि हंगामभर तोच प्रकार क्रमांक पाळा. प्रजातीचं नाव नंतर जाणकाराकडून घेता येतं, आणि ते आज वैध आहे का हे सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे ‘वर्म्स’वर बघता येतं. चुकीचं नाव शोधनिबंधात गेलं की मात्र पुढचे दहा जण तेच उतरवतात.

१०. नमुने: कमीत कमी, पण नीट

एका प्रकाराचे दोन-तीन नमुने पुरतात. आधी जिवंतपणी रंगीत फोटो, शेजारी पट्टी ठेवून, कारण द्रावात रंग उडतात.

समुद्रफुलं आणि कवच नसलेले मऊ जीव थेट स्पिरिटमध्ये टाकले तर आकसून गोळा होतात, मग त्यांचं काहीच दिसत नाही. एक लिटर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा. प्राणी समुद्राच्या पाण्यात फुलू द्या आणि हे द्रावण हळूहळू घालत निम्मं पाणी बदला. सुईनं टोचल्यावर हालचाल होत नाही, तेव्हाच पुढं जा.

कवचाचे प्राणी, खेकडे आणि तारामासे ७० टक्के स्पिरिटमध्ये. फॉर्मालिन आम्ल होतं आणि चुन्याचं कवच त्यात झिजत जातं. ९५ टक्के स्पिरिटचे ७० भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे २५ भाग घेतले की ७० टक्के होतं. डीएनए काढायचा असेल तर तो तुकडा वेगळा, ९५ टक्क्यांतच. कृमी आणि मऊ प्राण्यांसाठी फॉर्मालिन लागलंच तर एक भाग फॉर्मालिन आणि नऊ भाग समुद्राचं पाणी, थोडं बोरॅक्स घालून, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. बरणीत प्राणी एक भाग तर द्राव किमान तीन भाग हवा, आणि दुसऱ्या दिवशी द्राव बदला. प्राण्याच्या अंगातल्या पाण्यानं तो पातळ झालेला असतो.

चिठ्ठी बरणीच्या आत, पेन्सिलीनं. माझ्या ४३ बरण्यांत चिठ्ठ्या बॉलपेननं लिहिलेल्या होत्या. जानेवारीत एक सकाळी कपाट उघडलं तर स्पिरिट फिकट निळं झालेलं आणि आतला कागद कोरा. प्राणी सगळे शाबूत होते, पण कुठला कुठल्या पातळीवरचा, कुठल्या दिवशीचा, हे सांगायला काही उरलं नव्हतं. ते नमुने प्रकल्पात घेता आले नाहीत. झाकणावर लिहिणंही तितकंच धोक्याचं, झाकणं अदलाबदल होतात. चिठ्ठीवर जागा, पातळी, चौकट क्रमांक, तारीख, वेळ आणि तुमचं नाव हवं.

तपासा: बरणी उलटी धरून बाहेरून चिठ्ठी वाचता येते का?

११. त्याच दिवशीची वही

किनाऱ्यावरून आल्यावर आधी सामान गोड्या पाण्यानं धुवा, मग अंघोळ, मग जेवण, आणि झोपण्याआधी सगळे आकडे संगणकात. ‘उद्या करू’ म्हटलं की उद्याची ओहोटी ५० मिनिटं उशिरा असते, पण असते. पानांचे फोटो काढून दुसऱ्या एका ठिकाणी ठेवा. कॅमेरा आणि भिंग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात. आपल्याकडच्या कोरड्या हवेची सवय असते, तिथल्या दमट हवेत भिंगावर महिन्याभरात बुरशी धरते.

भांगाचे दिवस सुट्टीचे नाहीत. नमुने ओळखणं, आलेख काढणं, मार्गदर्शकांना फोन, पुढच्या खेपेच्या चिठ्ठ्या, हे सगळं अष्टमीच्या आसपास. दुसरी खेप झाली की आकडे मांडून बघाच. मोजणीची पद्धत बदलायची वेळ तीच. चौथ्या खेपेनंतर बदललीत तर आधीचं आणि नंतरचं एकत्र करता येत नाही.

१२. परत येताना आणि उन्हाळ्यात

प्रत्येक प्रकाराचा एक चांगला नमुना केंद्रातच नोंद करून ठेवा. सोबत आणायचे ते अंगावर द्राव न ठेवता आणा. पुरते टिकलेले नमुने निथळून, स्पिरिटनं ओलसर केलेल्या कापडात आपापल्या चिठ्ठीसह गुंडाळून, दोन पिशव्यांत हवा काढून सील करा. कॉलेजात पोचलात की त्याच दिवशी बरण्यांत भरा. खडकावरचे रंगाचे ठिपके खरवडून या, आणि केंद्राला आकड्यांची एक प्रत देऊन या.

मग मार्च लागतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळेत एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर जातो आणि बरण्यांतलं स्पिरिट उडतं. पाण्याआधी स्पिरिट उडतं, म्हणून उरलेला द्राव नुसता कमी होत नाही, पातळही होतो. बरण्या खालच्या फळीवर, खिडकीपासून लांब ठेवा आणि झाकणाला पॅराफिल्म, म्हणजे ताणून घट्ट बसणारी मेणासारखी पट्टी, गुंडाळा. दर महिन्याला पातळी बघा. थोडी उतरली असेल तर ७० टक्क्यांनी भरा. निम्म्याच्या खाली गेली असेल तर सगळा द्राव काढून नवा घाला. आतली चिठ्ठी तीच राहू द्या.